टेप पुसली गेली, गोष्ट पुस्तकात उरली: 'डॉक्टर हू'च्या कादंबऱ्यांची गोष्ट

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ज्यांनी भाग ऐकलाय त्यांना काही वाक्यं ओळखीची वाटतील. ज्यांनी नाही ऐकला, त्यांनी थेट वाचायला सुरुवात केली तरी काही अडणार नाही.

आजचा विषय आहे टीव्ही मालिकेवर बेतलेली कादंबरी. इंग्रजीत हिला 'टाय-इन' म्हणतात. पुस्तकांच्या दुकानात ही पुस्तकं तुम्ही नक्की पाहिली असतील. मुखपृष्ठावर मालिकेतल्या नटाचा चेहरा, वर मालिकेचा लोगो आणि लेखकाचं नाव खाली बारीक अक्षरात. बघताक्षणी आपण ठरवून टाकतो की हा सगळा पैसे काढायचा धंदा आहे. मालिका चालली, की तिचा टी-शर्ट येतो, मग आणि पुस्तक येतं.

धंदा तर तो असतोच. पण एका मालिकेच्या बाबतीत असं झालं की मालिकेचे भाग नष्ट झाले आणि ही 'दुय्यम' समजली गेलेली पुस्तकं उरली. ती मालिका म्हणजे बीबीसीची 'डॉक्टर हू'.

आधी मालिकेबद्दल थोडंसं

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन ओळींत सांगतो. 'डॉक्टर' नावाचा एक परग्रहवासी आहे. तो काळातून आणि अवकाशातून प्रवास करतो. त्याचं यान बाहेरून लंडनच्या जुन्या निळ्या पोलीस बॉक्ससारखं दिसतं आणि आतून प्रचंड मोठं आहे. त्या यानाचं नाव टार्डिस. डॉक्टर मरायला टेकला की त्याचं शरीर बदलतं, म्हणजे नट बदलतो आणि मालिका पुढे चालू राहते. त्याचे सगळ्यात गाजलेले शत्रू म्हणजे डालेक. धातूच्या कवचात बसलेले, कर्कश आवाजाचे आणि 'आपण सोडून बाकी सगळ्यांना संपवायचं' एवढंच डोक्यात असलेले.

पहिला भाग लागला २३ नोव्हेंबर १९६३ ला, शनिवारी संध्याकाळी. आदल्याच दिवशी अमेरिकेत जॉन केनेडींची हत्या झाली होती. सगळ्यांचं लक्ष त्या बातमीकडे होतं. म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी पहिला भाग पुन्हा दाखवला गेला.

हे 'पुन्हा दाखवला' लक्षात ठेवा, कारण तेव्हा ही गोष्ट फार दुर्मीळ होती.

एकदा लागला, की गेला

आज एखादा भाग चुकला तर आपण काय करतो? रात्री जेवताना मोबाईलवर लावतो. आवडलेला सीन दहा वेळा मागे नेऊन बघतो. १९६० च्या दशकातल्या ब्रिटनमधल्या मुलाकडे यातलं काहीच नव्हतं. घरात व्हिडिओ रेकॉर्डर नव्हता. शनिवारी संध्याकाळी टीव्हीसमोर असलात तर भाग दिसणार. पाहुणे आले, लाइट गेली, ताप आला, तर विषय संपला. सोमवारी शाळेत मित्र सांगेल तेवढंच तुमचं.

या पोकळीत पुस्तक आलं. १९६४ च्या नोव्हेंबरमध्ये डालेकच्या पहिल्या कथेवरची कादंबरी निघाली. लेखक होते डेव्हिड व्हिटेकर, मालिकेचे पहिले कथा-संपादक. म्हणजे कुणी बाहेरचा माणूस पकडून आणला नव्हता, घरातल्याच माणसाने लिहिलेलं पुस्तक होतं.

व्हिटेकरांनी त्यात एक गंमत केली. टीव्हीवर सुरुवात अशी आहे: इयन आणि बार्बरा हे एकाच शाळेतले दोन शिक्षक. सुझन नावाच्या एका विद्यार्थिनीबद्दल त्यांना कुतूहल वाटतं. ते तिच्या मागोमाग एका भंगाराच्या आवारात जातात आणि तिथे त्यांना टार्डिस सापडते. पुस्तकात यातलं काही नाही. पुस्तकात धुकं आहे, लंडनजवळच्या एका माळरानावर मोटारीचा अपघात झालाय आणि इयन बार्बराला तिथे पहिल्यांदाच भेटतो. सगळी कथा इयन स्वतः 'मी' म्हणून सांगतो. शेवटाकडे डालेकांचा एक काचेचा प्रमुख आहे. तो टीव्हीवर कधी दिसलाच नाही.

असं का केलं? कारण डालेकची कथा ही मालिकेतली दुसरी कथा होती. पात्रांची ओळख पहिल्या कथेत होऊन गेली होती. पण पुस्तक हातात घेणाऱ्याला सुरुवात तर हवी ना! मग व्हिटेकरांनी नवी सुरुवात रचली. टाय-इन कादंबरी म्हणजे पडद्यावरचं जसंच्या तसं उतरवणं, असं आपल्याला वाटतं. या मालिकेचं पहिलंच पुस्तक तसं नव्हतं.

सव्वाशे पानांचा कारखाना

खरी लाट आली १९७३ मध्ये. 'टार्गेट' नावाच्या प्रकाशनाने साठच्या दशकातली तीन जुनी पुस्तकं स्वस्त पेपरबॅकमध्ये पुन्हा काढली. ती चालली. मग नवी लिहून घ्यायची ठरलं आणि पुढच्या वीसेक वर्षांत पुस्तकांची संख्या दीडशेच्या वर गेली.

यातला सगळ्यात मोठा वाटा टेरन्स डिक्स या एका माणसाचा. ते मालिकेचे पटकथा-संपादक होते आणि त्यांनी एकट्याने साठहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या. पुस्तक साधारण सव्वाशे पानांचं, वाक्यं छोटी, वर्णन मोजकं, आणि प्रकरण अशा जागी तोडलेलं की पान उलटल्याशिवाय राहवू नये. दिव्याखाली पांघरुणात बसून दोन रात्रींत संपेल असं पुस्तक.

साहित्याच्या जगात यांना कुणी मान दिला नाही. पण ब्रिटनमधली एक आख्खी पिढी या पुस्तकांवर वाचायला शिकली, असं तिथले कितीतरी चाहते आणि लेखक आज उघडपणे सांगतात. कारण सरळ आहे. ज्या मुलाला जाड पुस्तकाची भीती वाटते त्याला डालेकची भीती जास्त आवडते. तो डालेकसाठी पुस्तक उघडतो आणि वाचनाची सवय त्याला नकळत लागते. आपल्याकडेही वाचनाची गोडी अनेकांना 'चांदोबा' आणि 'फास्टर फेणे'मुळे लागली, कुठल्या ग्रंथराजामुळे नाही. तोच प्रकार!

पुस्तकाला काय जमतं, जे टीव्हीला जमत नाही

इथे एक उदाहरण देतो, कारण 'पुस्तक नेहमीच चांगलं' असं नुसतं म्हणण्यात अर्थ नाही.

१९७० मध्ये एक कथा लागली होती. पृथ्वीवर माणसाच्या आधी सरपटणाऱ्या प्राण्यांची एक बुद्धिमान जमात होती. आकाशातून संकट येतंय असं समजून ती जमिनीखाली दीर्घ निद्रेत गेली. आता ती जागी झालीये आणि बघते तर काय, तिच्या घरात माणसं राहतायत. आता जमीन कुणाची? हा कथेतला प्रश्न.

टीव्हीवर हे प्राणी म्हणजे रबराचे मुखवटे घातलेले नट. बीबीसीचं बजेट तेवढंच. त्यांना धड नावंही नव्हती. याच कथेचे मूळ लेखक माल्कम हल्क यांनी १९७४ मध्ये तिची कादंबरी लिहिली आणि सुरुवातच त्या प्राण्यांच्या बाजूने केली. तिथे त्यांना नावं मिळाली, स्वभाव मिळाले, आपापसातले मतभेद मिळाले. झोपायला जाताना त्यांच्या मनात काय होतं, तेही वाचकाला कळतं. त्यामुळे पुढे माणसं आणि ते समोरासमोर येतात तेव्हा वाचक दोघांच्याही बाजूने विचार करू लागतो. रबरी मुखवट्याच्या आतलं मन कॅमेऱ्याला दाखवता येत नव्हतं. कागदावर त्याला वेगळा खर्च नव्हता.

आणि मग टेप पुसल्या गेल्या

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ.

१९६७ ते १९७८ च्या दरम्यान बीबीसीने आपल्या असंख्य जुन्या कार्यक्रमांच्या टेप पुसून टाकल्या. त्यात 'डॉक्टर हू'सुद्धा होती. कुणी दुष्टपणाने केलं नाही हे. त्यामागची कारणं अगदी ऑफिसातली, रोजच्या हिशेबातली होती.

एक, व्हिडिओ टेप महाग होती. ती पुसून तिच्यावर नवा कार्यक्रम रेकॉर्ड करता यायचा, मग जुना कशाला ठेवायचा?

दोन, कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे एखादा भाग किती वेळा आणि किती वर्षांपर्यंत पुन्हा दाखवता येईल यावर मर्यादा होती. जे दाखवताच येणार नाही ते सांभाळायचं कशासाठी?

तीन, रंगीत टीव्ही आला होता. जुने कृष्णधवल भाग आता कोण बघणार आणि कोण विकत घेणार?

तिन्ही प्रश्न त्या काळात बिनचूक वाटत होते. उद्या लोक घरी बसून जुने भाग विकत घेतील, ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात नव्हती. परदेशी वाहिन्यांना विकण्यासाठी केलेल्या फिल्मच्या प्रती होत्या, पण त्यातल्याही बऱ्याच नंतर नष्ट झाल्या.

परिणाम काय? मालिकेच्या पहिल्या सहा वर्षांत अडीचशेच्या आसपास भाग झाले. त्यातल्या नव्वदहून जास्त भागांची चित्रफीत नष्ट झाली. मार्को पोलोवरची १९६४ ची सात भागांची कथा घ्या. तिचा एकही भाग उरला नाही. पहिला डॉक्टर जाऊन दुसरा आला, ती १९६६ ची सहा भागांची डालेक कथा, म्हणजे नट बदलण्याची प्रथा जिथून सुरू झाली ती कथा, तीही अख्खी गेली.

आपल्याला हे परकं वाटायला नको. १९३१ मध्ये मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात लागलेला भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' आज कुणालाच बघता येत नाही, कारण त्याची प्रत उरलेली नाही. चित्रपट जपायचे असतात हे सरकारी पातळीवर मान्य होऊन पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं ते १९६४ मध्ये. म्हणजे व्हिटेकरांचं डालेकवरचं पुस्तक आलं त्याच वर्षी. जपायला हवं ही जाणीव सगळीकडेच उशिरा आली.

मग काय काय वाचलं?

काही भाग नंतर भलत्याच ठिकाणी सापडले. १९८३ मध्ये दोन भाग लंडनमधल्या एका चर्चच्या तळघरात मिळाले. १९९२ मध्ये हाँगकाँगहून एक आख्खी कथा परत आली. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातल्या टीव्ही केंद्रात नऊ हरवलेले भाग मिळाल्याचं जाहीर झालं.

आवाज मात्र सगळ्या हरवलेल्या भागांचा उपलब्ध आहे. तो बीबीसीने जपला नव्हता. काही शाळकरी मुलांनी आणि हौशी तरुणांनी टीव्हीच्या स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो रेकॉर्ड करून घेतला होता. शिवाय जॉन क्युरा नावाचे एक छायाचित्रकार टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढून ते विकण्याचा व्यवसाय करायचे. त्यांच्यामुळे बऱ्याच हरवलेल्या भागांची स्थिरचित्रं मिळतात.

पण हे आवाज आणि हे फोटो सगळ्यांच्या हातात पडायला अनेक वर्षं जावी लागली. मालिकेची पहिली व्हिडिओ कॅसेट १९८३ मध्ये आली तेव्हा तिची किंमत जवळजवळ चाळीस पौंड होती. मुलांच्या खिशाला ते कुठलं परवडायला? सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या मुलाकडे जुनी गोष्ट जाणून घ्यायचा एकच स्वस्त रस्ता होता, तो म्हणजे शाळेच्या लायब्ररीतलं टार्गेटचं पुस्तक. टेप पुसली गेली होती, कथा कपाटात शाबूत होती. आणि ती कुणी ठरवून जपली नव्हती, पुस्तक विकायचं होतं म्हणून छापली होती.

पण पुस्तकावर किती विश्वास ठेवायचा?

आता तुमच्यापैकी कुणीतरी विचारेल, की पुस्तकात सुरुवातच बदललेली असेल तर त्याला मालिकेची आठवण कसं म्हणायचं? रास्त प्रश्न आहे. याचं उत्तम उदाहरण एका कथेत सापडतं.

१९७२ साली नाही, १५७२ साली पॅरिसमध्ये प्रोटेस्टंट लोकांचं भीषण हत्याकांड झालं होतं. त्यावर १९६६ च्या फेब्रुवारीत चार भागांची कथा लागली. चारही भाग हरवलेले आहेत. मूळ लेखक जॉन लुकारोटी, पण त्यांची पटकथा डोनाल्ड टॉश यांनी इतकी बदलली की प्रसारित झालेली कथा बरीचशी टॉश यांचीच होती. पुढे १९८७ मध्ये या कथेची कादंबरी लिहायचं काम लुकारोटींकडेच आलं. त्यांनी काय करावं? टीव्हीवर लागलेली कथा बाजूला ठेवली आणि आपल्या मूळ कल्पनेकडे परत गेले. टीव्हीवर डॉक्टर बराच वेळ दिसतच नाही, त्याचा साथीदार स्टीव्हन एकटा भटकतो. पुस्तकात मात्र डॉक्टर घडामोडींच्या मधोमध आहे.

म्हणजे बघा, भाग हरवलेत, पुस्तक हातात आहे, आणि पुस्तक सांगतंय ती गोष्ट टीव्हीवर लागलीच नव्हती! आवाजाची टेप उपलब्ध नसती, तर पुस्तकालाच आपण खरं मानलं असतं.

हाँगकाँगहून आलेल्या कथेचंही असंच. सायबरमेन नावाच्या यंत्रमानवांच्या थडग्याची ही १९६७ ची कथा. लोकांनी ती वर्षानुवर्षं पुस्तकात वाचली होती, मोठ्यांच्या तोंडून ऐकली होती. मनात अवाढव्य दालनं उभी राहिली होती. १९९२ मध्ये खरे भाग बघायला मिळाले तेव्हा आनंद तर झालाच, पण काहींना तो सेट मनातल्यापेक्षा लहान वाटला. ते साहजिक होतं. इतकी वर्षं प्रत्येकाने आपापल्या डोक्यात सेट बांधला होता आणि तिथे बजेटची अट नव्हती.

तेव्हा पुस्तकाला झेरॉक्स समजू नका. आजी एखाद्या लग्नाची हकिगत सांगते तसं समजा. तिथे काय घडलं ते बरंचसं कळतं, आणि आजीला काय महत्त्वाचं वाटलं तेही कळतं. दोन्ही मोलाचं आहे, पण दोन्ही वेगळं आहे.

मालिका बंद, पुस्तकं चालू

१९८९ मध्ये बीबीसीने 'डॉक्टर हू' थांबवली. पुस्तकं थांबली नाहीत. १९९१ पासून व्हर्जिन प्रकाशनाने नव्या कथांच्या कादंबऱ्यांची मालिका सुरू केली. जुन्या भागांची पुनर्कथनं बाजूला पडली आणि डॉक्टरचे पुढचे प्रवास थेट कागदावर होऊ लागले. इथे लिहिणारे बरेचजण लहानपणी टार्गेटची पुस्तकं वाचून मोठे झालेले चाहते होते.

त्यातल्या पॉल कॉर्नेल यांनी १९९५ मध्ये एक कादंबरी लिहिली. डॉक्टर काही काळासाठी साधा माणूस होतो, पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या काळात एका शाळेत शिकवतो आणि प्रेमात पडतो. आणखी एक लेखक होता रसेल टी. डेव्हिस. त्याने १९९६ मध्ये याच मालिकेत एक कादंबरी लिहिली. २००५ मध्ये 'डॉक्टर हू' टीव्हीवर परत आली, ती आणणारा मुख्य माणूस हाच रसेल टी. डेव्हिस. आणि २००७ मध्ये कॉर्नेलच्या त्या कादंबरीवरून टीव्हीचे दोन भाग झाले. आज ते मालिकेतल्या सर्वोत्तम भागांत गणले जातात.

सुरुवातीला पडद्यावरून पुस्तक झालं. आता पुस्तकावरून पडदा झाला. मधली सोळा वर्षं टीव्हीवर, १९९६ चा एक चित्रपट सोडला तर, नवी मालिका नव्हती. त्या काळात लेखक आणि वाचक दोघांनाही गोष्टीशी बांधून ठेवायचं मोठं काम या पुस्तकांनी केलं. २०१८ मध्ये टार्गेटच्याच जुन्या धाटणीत नवी पुस्तकं आली, आणि त्यात डेव्हिस यांनी स्वतः आपल्या २००५ च्या पहिल्या भागाची कादंबरी लिहिली. यावेळी भाग हरवण्याची भीती नव्हती. तरी त्यांना ते पुस्तक लिहावंसं वाटलं.

सुरुवात कुठून करायची?

इंग्रजी वाचनाची सवय नुकती लागत असेल तर टेरन्स डिक्स यांच्यापासून सुरू करा. भाषा सोपी आहे, पुस्तक लहान आहे. थोडं विचारात पाडणारं हवं असेल तर माल्कम हल्क. आणि तुम्ही वाचण्यापेक्षा ऐकणारेच असाल, तर टार्गेटच्या बऱ्याच पुस्तकांची ऑडिओबुक्स निघाली आहेत, त्यातली कितीतरी मालिकेतल्याच कलाकारांनी वाचली आहेत. हरवलेल्या भागांचे मूळ आवाजही निवेदन जोडून प्रकाशित झालेत. कानाने टीव्ही बघायचा हा प्रकार पॉडकास्टवाल्यांना नक्की जमेल.

जाता जाता एकच. 'आता सगळं ऑनलाइन आहे, हरवणार काय?' असं आपण म्हणतो. पण तुमच्या वॉचलिस्टमधली एखादी मालिका एका सकाळी अ‍ॅपवरून गायब झालेली तुम्हीही पाहिली असेल. करार संपला, हिशेब जुळला नाही, संपलं. कारणं आजही तीच ऑफिसातली आहेत, फक्त पुसायची टेप राहिलेली नाही.

म्हणून तुम्हाला एक काम. तुम्हाला खूप आवडलेल्या एखाद्या मालिकेचा एक भाग घ्या आणि तो न बघता, आठवणीतून, दोन पानांत लिहून काढा. न बघितलेल्या मित्राला कळेल असा. काय आठवतं, काय निसटतं आणि काय आपण आपल्या पदरचं घालतो, हे लिहिताना कळेल. लिहिलंत तर आम्हाला जरूर पाठवा. निवडक दोन-तीन पुढच्या भागात वाचून दाखवू.

तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा. भेटू पुढच्या भागात!